शाळेची होडी

आमच्या हेलवोग गावाची पंचायत खाडीपलीकडच्या मोलविकमध्ये विलीन झाली आणि बाबांना घरात बसवेना. ते आमचे शेवटचे अध्यक्ष. सभेत निम्मे इकडे, निम्मे तिकडे झाले, तेव्हा त्यांच्याच मतानं विलीन व्हायचा निर्णय झाला होता. "मोलविकवाले रस्ता देतील, शाळेला हात लावणार नाहीत," असं त्यांनी गावाला छातीठोक सांगितलं होतं. अनफिनकाका, त्यांचा सख्खा भाऊ, विरोधात होता. त्या सभेपासून काकानं त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर कामाला होते. पूर्वी बाबांना दिवसभर फोन असत. आता तेच मला करायचे.

"लाइन चालू आहे ना गं?"

"चालू आहे, बाबा."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. आई वैतागायची. "खुर्चीला काय खिळे आहेत का? बसून पी की कॉफी!" ते उभ्यानंच प्यायचे, खिडकीतून पाण्याकडे बघत.

रस्ता काही आला नाही. उलट मोलविकच्या सभेत आमची शाळा बंद करायचं ठरलं. बाबा तिथे भांडले, पण त्यांच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. मुलांना आता होडीनं पलीकडे जावं लागणार होतं, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्या पाण्यात मुलं न्यायला कुणी धजेना. बाबांनी आपलं नाव दिलं.

"काल अध्यक्ष, आज नावाडी," आई म्हणाली. "लोक हसतील."

"हसू देत. हातपाय तरी हलतील माझे."

पहिल्याच सोमवारी समुद्रावरून झोंबरा वारा सुटला. एक्स्चेंज धक्क्याला लागूनच, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. बाकीची मुलं होडीत बसली होती. काका नातीला, ऑस्नेला, हाताला धरून आला आणि बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं तिला म्हणाला, "विचार अध्यक्षसाहेबांना, तुझी शाळा कुणी घालवली."

दोर सोडता सोडता बाबा थांबले.

"मी घालवली, पोरी," ते म्हणाले. "ये, इंजिनाजवळ बस. तिथे ऊब असते."

काकानं ऑस्नेला उचलून होडीत दिलं. लाट धक्क्यावर फुटून त्याचे बूट भिजले, तरी तो हलला नाही. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो थेट बाबांशी बोलला.

"या वाऱ्यात एकटा मुलं सांभाळशील की सुकाणू?"

"मग तू येतोस?"

"येतो. मागे अबोला धरून सगळं तुझ्यावर सोडून बसलो, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे."

होडी निघाली. इंजिनाच्या आवाजावरही दोघांचं भांडण ऐकू येत होतं. माझ्या बोर्डावर दिवे लुकलुकत होते, पण होडी पलीकडे लागेपर्यंत मी एकही फोन जोडला नाही.

त्यानंतर काका रोज यायचा. होडीत दोघं मेंढ्यांवर बोलायचे, वाऱ्यावर बोलायचे, त्या मतावरून पुन्हा पुन्हा भांडायचे. धक्क्यावर पाय ठेवला, की दोघं मुकाट्यानं आपापल्या वाटेनं घरी.

रस्ता आला तेव्हा ऑस्ने शाळा संपवून बर्गेन शहरात नोकरीला लागली होती. बाबा त्या रस्त्यानं एकदाच मोलविकला गेले. मोटारीत जीव गुदमरतो म्हणाले, आणि अर्ध्या वाटेत उतरून पायी निघाले.