चपटा घास

“चार बर्गर,” माया वेटरला म्हणाली आणि मी यांच्याकडे पाहिलं.

“अन् मले पॅटी मेल्ट,” सुगत म्हणाला.

“याचं नेयमीचंच हाय, आई,” माया मला म्हणाली. “एवढा मस्त बर्गर सोडून हा ते चपटं खाते.”

“बर्गर म्हंजे निसता रुबाब,” सुगत म्हणाला. “अर्धा तोंडात, अर्धा मांडीवर. पॅटी मेल्टमंदी पॅटी तीच असते, पण ब्रेड तव्यावर भाजलेली, कांदा परतू परतू लाल केलेला, वरून चीज वितळलेलं. सगळं एकमेकाले धरून रायते.”

“बर्गरले पायल्यावर भूक लागते. तुह्या त्या मेल्टले पायलं का वाटते, कोनी तरी त्याच्यावर बसलं.”

दोघं हसली. एरवी मीही हसले असते. पोरीनं स्वतः शोधलेला मुलगा, कृषी विद्यापीठात तिच्याच प्रयोगशाळेत काम करणारा, बोलायला मोकळा. समोर त्याची आई शकुनबाई, बाजूला आमचे हे. घरी बोलावलं की पोहे होतात, गल्ली जमा होते, म्हणून मायानंच ठरवलं होतं की पहिली भेट अकोल्यातल्या या कॅफेत करायची. आम्ही दर्यापूरहून सकाळच्या एसटीनं आलो होतो. सगळं चांगलं चाललं होतं. आणि आता बर्गर येणार होता.

यांचं तोंड पुरतं उघडत नाही. तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर चढले आणि खाली-वर करताना गालात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचं आणि दिवसभर चघळायचं. आमच्या भागात लग्नात पानाऐवजी खर्रा देतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तोंड किती उघडतं ते पाहायला यांना दातांमध्ये उभी बोटं घालायला सांगितली. तीन जायला पाहिजेत, दोनच गेली. त्या दिवसापासून यांनी खर्रा सोडला तो सोडलाच, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. पण तोंड काही परत मोठं झालं नाही. भाकर मी वरणात कुस्करून देते. समोसा, वडा, जे काही फुगलेलं असेल ते वाटीच्या बुडानं दाबून चपटं करते आणि मग ताटात वाढते. लोकांच्या घरी हे जेवतच नाहीत, आत्ताच खाऊन आलो म्हणतात.

मायाला यातलं काही माहीत नव्हतं. ती सुट्टीला आली की हे सगळ्यांच्या मागून जेवायचे. शकुनबाईंचे यजमान तोंडाच्या कॅन्सरनं गेले होते, आणि त्यांचं एकच म्हणणं होतं, ज्या घरात खर्रा आहे त्या घराशी सोयरीक करायची नाही. मायानं फोनवर विचारलं होतं, “बाबानं सोडला ना?” मी म्हटलं, सोडला. खोटं नव्हतं ते. पण पुढचं सांगितलं नाही.

बर्गर आले. केवढाले ते! वर तीळ लावलेला गोल पाव, आत कोंबडीची जाडजूड पॅटी, पत्ताकोबी, टमाटर, आणि पडू नये म्हणून मधोमध काडी खोचलेली. यांनी ताटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मी काई खात नाई,” हे म्हणाले. “आज पौर्णिमेचा उपास हाय माहा.”

शकुनबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “पौर्णिमा त मंगळवारी झाली, दादा.”

मंगळवारी आम्ही दोघंही विहारात होतो. खीर मीच करून नेली होती. माणसानं खोटं बोलावं, पण निदान कॅलेंडर पाहून तरी बोलावं ना. मला यांचा राग आला आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

“बाबा, उपास गिपास काय, खा ना,” माया म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, बापाला मुलगा पसंत नाही, म्हणून अन्नाला हात लावत नाही. ते मला तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं.

यांनाही ते दिसलं असावं. यांनी काडी काढली, वरचा पाव बाजूला ठेवला आणि बोटांनी पॅटीचा तुकडा मोडायला लागले. पत्ताकोबी घसरली, सॉस शर्टावर सांडला. पांढरा शर्ट, या भेटीसाठी मुद्दाम इस्त्री करून आणलेला. हे रुमालानं पुसत बसले.

“सुगत,” शकुनबाई म्हणाल्या, “मले ह्या बर्गरचं काई जमत नाई बापा. एवढा मोठा जबडा कोन वासते? तुहं ते चपटं सांग मले. दोन सांग. एक दादाले.”

सुगत काहीतरी बोलणार होता. त्यानं आईकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं आणि उठून काउंटरकडे गेला.

पॅटी मेल्ट आलं तेव्हा तव्यावरच्या कांद्याचा वास टेबलभर पसरला. दिसायला काहीच नव्हतं त्यात. भाजलेल्या ब्रेडचे दोन तुकडे, कडेनं चीज ओघळलेलं. शकुनबाईंनी दोन्ही ताटल्या स्वतःकडे ओढल्या. मायाशी प्रयोगशाळेतल्या मातीच्या नमुन्यांविषयी बोलता बोलता त्यांनी एक बशी उचलली, यांच्या सँडविचवर उलटी ठेवली आणि तळहातानं दाबली. एकदम नाही. आधी हलकं, मग जरा जोर, मग कडेकडेनं. एकदम दाबलं तर आतलं सगळं बाहेर येतं. हे मला माहीत आहे, पण त्यांना कसं माहीत, हा प्रश्न मनात आला आणि उत्तरही त्याच्या मागोमाग आलं. त्यांनी सुरीनं बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या आणि ताटली यांच्यापुढे सरकवली. बोलणं तुटू दिलं नाही.

हे जेवले. पहिली पट्टी भीत भीत, मग दुसरी. कांदा मऊ होता, ब्रेडची कड कुरकुरीत होती, चीजमुळे काही सुटून पडत नव्हतं. दोन वर्षांनी हे परक्या माणसांसमोर जेवत होते आणि चवीनं जेवत होते. माझ्यापुढचा बर्गर तसाच गार झाला.

“चांगलं हाय हे,” हे सुगतला म्हणाले. “बर्गरपेक्षा हेच बरं.”

“मी सांगतलं होतं,” सुगत मायाला म्हणाला. पण माया हसली नाही. ती बापाच्या तोंडाकडे पाहत होती. पट्टी सहज आत जात नव्हती, टोकाकडून बोटानं रेटून सारावी लागत होती, आणि ती तेच पाहत होती.

मी हात धुवायला उठले तर शकुनबाई मागोमाग आल्या. नळ सोडला आणि हळूच म्हणाल्या, “सोडला कवा?”

“दोन वर्षं झाली, ताई. खरंच सोडला.”

“आमच्या यायनं बी सोडला होता.” त्यांनी हात पुसले. “आत जखम गिखम?”

डाव्या गालात काहीतरी आहे हे मला जेवणाच्या तऱ्हेवरून कळलं होतं. सगळं उजवीकडून चावायचं, तिखट अजिबात नको. पाहू द्या म्हटलं की हे तोंड फिरवायचे.

“मले पाहूच देत नाईत,” मी म्हटलं. “म्हनतेत, पोरीचं होऊ दे, मंग पाहू.”

“हेच. हेच म्हनत होते आमचे. सुगतची परीक्षा होऊ दे, मंग पाहू.” त्यांचा आवाज चढला नाही, की रडवेला झाला नाही. थकलेला होता, बस. “पोरगी मले पसंत हाय, ताई. लय पसंत हाय. पन तारीख मी आज काढत नाई. सोमवारी यायले घेऊन अकोल्याले या. मी येतो संगं दवाखान्यात, तथल्या रांगा मले पाठ हायेत. तथून आलो का मंग बसू तारखेले. नकार समजू नोका.”

मला राग यायला हवा होता. मुलाची आई पहिल्याच भेटीत माझ्या नवऱ्याच्या तोंडाविषयी अट घालते म्हणजे काय! पण मला रडू आलं, आणि ते सुटल्यासारखं रडू होतं. दोन वर्षं मी वाटीनं दाबून दाबून हे सगळं घरात झाकलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. “तोंडावर पानी मारा,” म्हणाल्या, “पोरगी पायते.”

निघताना मायानं बापाच्या शर्टावरचा डाग पाण्यानं पुसायचा प्रयत्न केला. “सोमवारी मी बी सुट्टी टाकतो,” एवढंच ती म्हणाली. म्हणजे तिला समजलं होतं. यांनी मान हलवली.

परतीच्या एसटीत यांना खिडकीची जागा मिळाली. शकुनबाईंचं बोलणं मी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. मला वाटलं, हे चिडतील. आमच्या घरात ती का बोलते, म्हणतील. हे खिडकीकडे वळले. बाहेर काळ्या रानात कपाशी फुटली होती, वेचणाऱ्या बायका ओळीनं वाकलेल्या दिसत होत्या.

“दाबाचा हात तिचा तुह्यासारखाच हाय,” हे म्हणाले.

“हो.”

“तिचा नवरा किती दिवस...” विचारता विचारता हे थांबले. मलाही ते ठाऊक नव्हतं.

एसटी एका थांब्यावर उभी राहिली. माणसं उतरली, चढली. खिडकीतून ऊन सरळ यांच्या चेहऱ्यावर येत होतं. यांनी माझं मनगट धरलं, चेहरा माझ्याकडे वळवला आणि उघडलं तेवढं तोंड उघडलं. जोर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

“पाय आत,” हे तसंच, अर्धवट म्हणाले.

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि वाकून पाहिलं.