भरलेल्या पेटीचा संताप

मी एक जुनी पत्र्याची प्रथमोपचार पेटी आहे आणि मित्रांनो, मी रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका.

एका लहानशा कारखान्यात पत्रा कापून, ठोकून मला घडवले. झाकणावर हिरवी फुली काढणाऱ्या रंगाऱ्याला कारागीर बजावत होता, "मोठी काढ रे, घाईत लांबून दिसली पाहिजे." ते ऐकून मी हरखून गेले. माझी कुणाला तरी घाईघाईने गरज पडणार होती!

मुलामुलींच्या एका भटकंती मंडळाने मला नेले. पहिल्या वर्षी मी खूप काम केले. टाचांचे फोड झाकले, सोललेले गुडघे बांधले. मग सगळ्या मंडळांच्या पेट्यांची वार्षिक तपासणी सुरू झाली. ज्याची पेटी गच्च भरलेली, त्याला प्रशस्तिपत्र! आमचे सर मनाने वाईट नव्हते, पण प्रशस्तिपत्र म्हटले की त्यांना दुसरे काही दिसत नसे. त्यांनी मला चक्क कुलूप घातले. एखाद्याने फोड दाखवला की म्हणायचे, "एवढ्यासाठी पेटी उघडायची? तपासणी तोंडावर आलीय." सहा प्रशस्तिपत्रे काचेच्या कपाटात लागली. ओझे मात्र मुलांनीच डोंगर चढून वाहायचे. याला काय म्हणावे?

गेल्या सफरीत टिल्ली, म्हणजे मंडळातली सर्वांत लहान मुलगी, ओल्या खडकावरून घसरली. धारदार कपारीने तिची पोटरी चिरली. रक्त थांबेना. सरांनी खिसे चाचपले, पिशवी उलटी केली. किल्ली कार्यालयाच्या खणात राहिली होती!

"माती दाबू या," मंडळातला थोरला मुलगा, दादा, म्हणाला.

"माती बिलकूल नको!" ढापणी ओरडली. जाड चष्म्यामुळे तिला हे नाव पडले होते, पण प्रथमोपचार मन लावून शिकलेली तीच एकटी. "टिल्ली, आडवी हो. दादा, स्वच्छ रुमालानं जखम घट्ट दाब आणि पाय वर धर." एवढे बोलून तिने दगड उचलला.

"अगं, पेटी फुटेल!" सर म्हणाले.

"फुटू दे, सर! पाय आधी की पेटी आधी?"

तिसऱ्या घावाला कुलूप तुटले. झाकणाला मोठा पोचा आला, पण मला त्याचे काहीच वाटले नाही. वाईट वाटले ते आतले सामान पाहून. चिकटपट्टीचा गोंद वाळला होता, कात्री गंजून उघडत नव्हती. सहा प्रशस्तिपत्रांची मानकरी मी, शरमेने मेल्याहून मेल्यासारखी झाले. सुदैवाने बंद पाकिटांतल्या कापडी घड्या शाबूत होत्या. ढापणीने एक घडी जखमेवर दाबली. ती रक्ताने भिजली, तशी न काढता तिच्यावर दुसरी ठेवली, मग तिसरी, आणि वरून पट्टी बांधली. पायाची बोटे गार पडत नाहीत ना, हेही ती पाहत राहिली. हळूहळू रक्त थांबले.

दवाखान्यात आठ टाके पडले. "वेळेवर बांधलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सरांनी मान खाली घातली.

आणि तरीही, पुढच्या आठवड्यात सर नवे कुलूप घेऊन आले! जित्याची खोड, दुसरे काय! टिल्ली लंगडत पुढे आली. तिने कुलूप त्यांच्या हातातून घेतले आणि काचेच्या कपाटाला लावले.

"सर, कुलूप इथं असू दे. ही प्रशस्तिपत्रं कुणाला घाईत लागत नाहीत."

सरांनी खाली बसून माझ्यातली गंजकी कात्री स्वतःच्या हाताने बाहेर काढली.

मित्रांनो, मला जपा, पण मिरवू नका. मला वापरा, संपले ते भरा, जुने झाले ते बदला आणि मला हाताळायला प्रत्येकाने शिका. नव्या घड्या यायच्या आधीच यंदाची तपासणी झाली आणि मी नापास झाले. शेरा पडला, 'झाकणाला पोचा, तीन घड्या कमी.' त्या घड्या कुठे गेल्या, हे तपासनीस साहेबांनी टिल्लीच्या पोटरीला विचारावे.