फौजदार वळला, तो दिवस

मित्रांनो, मोशीला मारुतरावांच्या गोठ्यात आलात तर दाराशी एक जुनी काचेची टाकी दिसेल. कडांचे सिलिकॉन पिवळे पडलेले, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तीच मी. आता माझ्यात पाणी नसते, माशाच्या खाद्याचे डबे असतात. पण म्हणून मला हिणवू नका. मी जे पाहिले ते भल्याभल्या टाक्यांच्या नशिबी नसते.

माझा जन्म चिंचवडच्या एका दुकानामागे झाला. कारागिराने काचा कापल्या, कडा घासल्या, सिलिकॉनने चिकटवल्या आणि पाणी भरून मला पारखले. मी थेंबभरही गळले नाही. मग ज्योतीरामने मला टेम्पोत घालून घरी आणले. ज्योतीराम मूळचा धाराशिवकडचा, चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला. बायको स्वप्नाली आणि धाकटा भाऊ नवनाथ यांच्यासह तो मारुतरावांच्या खोल्यांत भाड्याने राहत असे. तिघांच्या कंपन्या वेगळ्या, शिफ्ट वेगळ्या, कंपनीच्या बसही वेगळ्या. एक जण चप्पल काढत असे तेव्हा दुसरा बूट घालून पळत असे.

माझ्यासोबत एक मासाही आला. बोटाएवढा रेडटेल कॅटफिश. काळी पाठ, अंगावर पांढरा पट्टा, लालभडक शेपूट, आणि मिशा अशा ऐटदार की नवनाथ पाहताक्षणी म्हणाला, "हा तर फौजदार!" तेच नाव पडले. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते, "टाकीच्या मापानेच वाढतो, काळजी करू नका." सगळ्यांनी विश्वास ठेवला. मीसुद्धा ठेवला.

स्वप्नालीचा फौजदारावर फार जीव. तिच्या कंपनीत बांगड्या चालत नसत. घरी आली की आधी ती खिडकीतल्या डबीतून बांगड्या काढून हातात घाली आणि मग माझ्या काचेवर बांगडीने टकटक करी. "फौजदार, जेवलास का रे?" तो तळातून सरसर वर येई आणि तोंड उघडी. शिफ्टभर तोंड मिटून वायरी जोडणारी ती बाई मग त्याला सगळा दिवस सांगून टाकी. मी मधे उभी राहून दोघांचे ऐके.

आणि तो वाढू लागला. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! बोटाएवढा होता तो वीतभर झाला, मग हातभर झाला. त्याने तोंड उघडले की कोळंबी दिसेनाशी होई, पाण्याला नुसता एक हिसका बसे. एकदा पठ्ठ्याने तळातला गोटाच गिळला. स्वप्नाली रडकुंडीला आली, तर दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो जसाच्या तसा बाहेर टाकला. कधी तो 'कट्ट कट्ट' असा आवाज काढी आणि माझ्या चारी काचा शहारत. एवढा मोठा जीव माझ्या पोटात राहतो, याचे मला नवल वाटे. अभिमान वाटे. पुढे पुढे धडकीही भरू लागली.

इथल्या कारखान्यांची गुरुवारची सुट्टी तिघांना एकदम क्वचितच मिळे, कोणाचा ना कोणाचा ओव्हरटाइम असेच. एका गुरुवारी मात्र तिघेही घरी होते. सकाळी नवनाथने मूठभर कोळंबी टाकली आणि तो अंघोळीला गेला. मग स्वप्नालीने टकटक करून तुकडे घातले. ती वळते तोच ज्योतीराम डबा घेऊन हजर.

"अहो, मी आत्ताच घातलं!"

"वहिनी, तुमच्या आधी मी घातलंय," टॉवेल गुंडाळलेला नवनाथ दारातून म्हणाला.

"म्हणजे रोज असंच चाललंय?" ज्योतीराम बघतच राहिला. "मला वाटायचं, तुम्ही बस पकडायच्या घाईत निघून जाता, बिचारा उपाशी असंल."

"मला पण तेच वाटायचं की!" स्वप्नाली म्हणाली.

फौजदार तिघांकडे बघत, चौथा कोणी येतो का या आशेने तोंड उघडून थांबला होता. तिघांची हसून हसून पुरेवाट झाली. हसू ओसरल्यावर स्वप्नालीने त्याला प्रथमच नीट निरखले. वळताना त्याचे अंग धनुष्यासारखे वाकत होते. नाक काचेला घासून सोलवटले होते.

नवनाथने मोबाइलवर शोधले. हा मासा लहान मुलाच्या उंचीएवढा होतो, आणि मोठ्या झालेल्याला रोज खायला द्यायचेच नसते. खाणे त्या दिवसापासून कमी झाले. पण जागा कुठून आणणार? काही दिवसांनी तो वर येईनासा झाला. स्वप्नालीने टकटक केली की नुसती मिशी हलवी.

"हा असाच जायचा माझ्या डोळ्यांसमोर," ती म्हणाली आणि काचेला कपाळ टेकून रडली. तिची ऊब मला जाणवली. मला इंचभरही मोठे होता येत नव्हते.

"इंद्रायणीत सोडू या का?" नवनाथने विचारले. "मोकळा तरी होईल."

घरमालक मारुतराव नेमके दारात उभे होते. "न्हाई बाबा, नदीत न्हाई! ही जात आपल्या पाण्यातली न्हाई. मरळ-बिरळ जे काय उरलंय, ते समदं गिळून बसंल." ते जरा थांबले. "आमच्या गोठ्यातला हौद रिकामाच हाय. म्हशी गेल्या, हौद ऱ्हायला. बघा, मावतोय का तुमचा फौजदार."

केवढा तो हौद! वर पत्रा, आणि म्हशींना डुंबायला उतरता यावे म्हणून एका टोकाला उतार. भावांनी तो खरवडून धुतला, पाणी भरून काही दिवस तसेच ठेवले, ड्रमचा फिल्टर बसवला, थंडीसाठी हीटर लावले. मग शिफ्टमधले दोस्त आले आणि त्यांनी ओल्या ताडपत्रीच्या झोळीतून फौजदाराला नेले. मागोमाग मलाही नेऊन उताराशी ठेवले.

तो पाण्यात सुटला. दोन हात पुढे गेला, थबकला, अंग वाकवून वळला. परत आला, पुन्हा वळला. पुढे सगळे पाणी मोकळे होते, पण तो माझ्याएवढ्याच लांबीत फिरत राहिला. जिथे माझी काच असायची, तिथेच थांबे. दिवसामागून दिवस गेले. स्वप्नाली पलीकडच्या टोकाला जाऊन हौदाच्या काठावर बांगडी वाजवी, पण सिमेंटचा आवाज तो कसला?

शेवटी तीच म्हणाली, "त्याला काचेचा आवाज ओळखीचा आहे. टाकी उचला."

दोघा भावांनी मला उचलून पलीकडच्या टोकाला नेले आणि अर्धी पाण्यात बुडवून धरले. स्वप्नालीने माझ्यावर टकटक केली. "फौजदार, जेवलास का रे?"

तो आपल्या नेहमीच्या हद्दीपर्यंत आला. थबकला. मिशा पुढे झाल्या. तिने पुन्हा टकटक केली, आणि माझी काच मी कधी वाजले नव्हते इतकी खणखणीत वाजली. फौजदार निघाला. हद्द ओलांडून, सबंध हौद कापत तो माझ्यापाशी आला, आणि कुठेही न वाकता, न घासता, एक ऐसपैस वळण घेऊन माघारी गेला. लाल शेपूट पार दूर जाईपर्यंत दिसत राहिली. काठावर उभ्या मारुतरावांनी नकळत टोपी काढून हातात घेतली होती.

मित्रांनो, एखादा इवलासा जीव हौसेने घरी न्यावासा वाटला, तर तो आज केवढा आहे ते पाहू नका. मोठा झाल्यावर त्याला वळायला किती जागा लागेल, ते आधी विचारा. स्वप्नाली आजही शिफ्ट सुटली की गोठ्यात येते, बांगड्या घालते आणि माझ्यावर टकटक करते. मग हौदाच्या त्या टोकाकडून पाणी हलू लागते.