पेशींना रविवारी कोण बघणार?

बायको गेली, पण तिचा कॅन्सर ठणठणीत आहे. शेवटच्या ऑपरेशनआधी तिनेच सही करून गाठीचा तुकडा प्रयोगशाळेला दिला. तिथे त्या पेशी उबदार कपाटात, गुलाबी पाण्यात वाढतात. दोन-तीन दिवसांनी पाणी बदललं जातं. माझ्या उशीचे अभ्रे इतक्या वेळा बदलत नाहीत.

त्या पेशींना सांभाळणारा पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरचा कंत्राटी संशोधक, सोडून गेला आणि जागा निघाली. जाहिरातीत लिहिलं होतं, 'कॅन्सर एपिजेनेटिक्समध्ये संशोधनाची संधी'. डॉक्टरेट करूनही नोकरी मिळाली नाही की जे मिळतं त्याला संधी म्हणतात. मुदत दोन वर्षं.

मुलाखत घ्यायला विभागप्रमुख बाई आणि दोन प्राध्यापकांबरोबर मलाही बसवलं, रुग्णांचा प्रतिनिधी म्हणून. खुद्द रुग्णाला येणं जमण्यासारखं नव्हतं.

मला एवढंच बघायचं होतं, की येणाऱ्याने त्या पेशी मरू देऊ नयेत. तिच्या वैरिणी असल्या तरी बायकोचं जिवंत असं तेवढंच उरलंय.

पहिला उमेदवार सुटाबुटात. एपिजेनेटिक्स म्हणजे काय, तर कॅन्सरमध्ये सगळीच जनुकं बिघडलेली नसतात, कित्येकांची नुसती बटणं भलत्या वेळी चालू-बंद होतात, हे त्याने रंगीत चित्रांनी समजावलं. चित्रं इतकी सुरेख, की कॅन्सरने फ्रेम करून लावली असती. दोन्ही प्राध्यापकांनी माना डोलावल्या.

"काका, तुम्हाला काही विचारायचंय?" विभागप्रमुख बाईंनी विचारलं. नसावं, असं तोंडावर दिसत होतं.

"रविवारी पेशींना कोण बघणार?"

"टेक्निशियन असेल ना?" सूट म्हणाला.

"असेल की. तोही संधीच शोधत असेल."

मग एक मुलगी आली. तिची चित्रं उघडलीच नाहीत, म्हणून तिने फळ्यावर वेडीवाकडी बटणं काढली. मी तोच प्रश्न विचारला.

"मीच येईन. घरी तरी कोण वाट बघतंय?"

"म्हणजे जपशील?"

"जपेन. पण काका, गैरसमज नको. मारायलाच जपणार. बटण सापडलं की एक शिल्लक ठेवणार नाही."

बाई खोकल्या. "अगं, यांच्या मिसेसच्या पेशी आहेत त्या."

पोरीचा चेहरा उतरला. "सॉरी काका. मला माहीत नव्हतं." मार्कर तसाच उघडा ठेवून ती बाहेर गेली.

सही करताना बायको डॉक्टरांना म्हणाली होती, "माझं राहू द्या, या मेलीला तेवढं सोडू नका." आणि मी वर्षभर फोन करून त्याच मेलीची खुशाली विचारतोय.

एक प्राध्यापक सुटाच्या बाजूने, दुसरे मुलीच्या. बाई माझ्याकडे वळल्या. "मुलगी जरा फटकळच बोलली. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं ना," मी म्हणालो. "तिलाच घ्या."