बुटकीच्या तोंडची मुसकी

मित्रांनो, मी एक जुनी मुसकी आहे. जनावराने नको ते खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला जी जाळी बांधतात, ती मी. मला पाहून कोणाला आनंद झाल्याचे मला तरी आठवत नाही.

खोगिरे शिवणाऱ्या एका कारागिराने मला जाड पट्ट्यांतून विणले. बुडाला रबराची चकती बसवून तिला अंगठा जाईल एवढे भोक पाडले. त्यातून पाणी पिता येते, गवताची चार पातीही ओढता येतात. पोटभर मात्र चरता येत नाही.

मला आणले बुटकीसाठी. बुटकी ही ठेंगण्या जातीची घोडी, घरातल्या मुलीच्या कमरेला लागेल एवढी. थोडे खाणेही अशा घोड्यांच्या अंगी लागते. कोवळ्या गवतातली साखर जास्त झाली की खुरांच्या आत सूज येते, आणि खूर कठीण असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागाच नसते. म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, की कुरणात सोडताना मुसकी हवीच.

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण बुटकीने माझ्या जाळीवरून डोळे वर करून पाहिले की कोणाचेही काळीज विरघळायचे. सकाळी आजोबा इकडेतिकडे बघत माझे बक्कल सोडत, मला कुंपणाच्या खांबाला अडकवत आणि जाताना पुन्हा बांधत. दुपारी कपडे वाळत घालायला आलेली आई तेच करी. संध्याकाळी शाळेतून आलेली मुलगीही. प्रत्येकाला वाटे, आपण एकट्यानेच तिला जराशी सूट दिली आहे. तिघांचेही गुपित ठाऊक होते ते फक्त मला, आणि मला तर बोलता येत नाही. खांबाला लटकून मी बुटकीचे घास ऐकत राही.

एका सकाळी बुटकी गोठ्याच्या दारातच अडली. पुढचे पाय लांब टाकून तिने सगळा भार मागे घेतला होता. वळवायला गेले तर जागची हलेना. आधी आजोबा म्हणाले, नखरे करतेय. मग त्यांना वाटले, अशक्त झाली असेल. त्यांनी ओंजळभर दाणा आणून तिच्यापुढे धरला आणि मी मनातल्या मनात नको नको म्हणत राहिले.

आईने डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्यांनी खुरावर तळहात ठेवला. खूर गरम होता. मग त्यांनी मला हातात घेऊन उलटे केले.

"हिचं बूड एव्हाना गवतावर घासून झिजायला हवं होतं. हे तर नवंकोरं आहे. कोण काढतं ही?"

"सकाळी मी काढतो," आजोबा खाली बघत म्हणाले. "जरा वेळच."

"दुपारी मी," आई म्हणाली. मुलगी नुसतीच रडू लागली.

"म्हणजे तिघांचा जरा वेळ मिळून जवळजवळ दिवसभर बुटकीचं तोंड मोकळंच होतं."

त्या रागावल्या नाहीत. खुरातले हाड जागचे सरकले असेल तर बुटकी पुन्हा उभी राहणार नाही, आणि मग तिला वेदनेतून सोडवावे लागेल, एवढेच त्यांनी सांगितले.

कुरण बंद झाले आणि मी गोठ्यातल्या खिळ्यावर आले. खाली भुशाचा जाड थर पसरला होता. मुलगी बुटकीचे पाय थंड पाण्यात धरून बसे, आई वाळलेले गवत, त्यातली साखर धुऊन जावी म्हणून, भिजवून देई. नालबंद येऊन खुरांची टोके बेताबेताने कापून जाई. बुटकी तासन्‌तास आडवी पडून राही. श्वास चालू आहे ना, हे मी वरून बघत असे.

शेवटी एकदा तिने पुढचा पाय दुमडला, अंग झोकले आणि ती उठली. आजोबांनी खांबाला कपाळ टेकले.

आता ती चालते, पण दुखणे कधीही उलटू शकते. मला बांधल्याशिवाय तिला कुरणात सोडत नाहीत, आणि संध्याकाळी आजोबा सगळ्यांना विचारतात, "आज कुणी काढली होती का रे?"

मित्रांनो, आपल्या जनावराच्या डोळ्यांत जरूर पाहा, पण आधी वाकून त्याचा खूर हातात घ्या. अडकलेली माती काढा, घाण वास येतो का पाहा, गरम लागतो का पाहा. कीव आली तर बक्कल सोडण्याआधी घरातल्यांना विचारा. बुटकी सांगू शकत नाही आणि मीही नाही. रोज सकाळी ती दारातून पहिले पाऊल टाकत नाही, तोवर माझ्या जिवात जीव नसतो.