वंजिरूचे शुक्रवार

“महिनाअखेर खोली रिकामी करा. खलास,” जासिम दारातूनच म्हणाला.

आत शिलाई मशिनं चालू होती, ती एकेक करून थांबली. जमिनीवर कापड बेतत बसलेल्या मुलींनी माना वर केल्या. वंजिरू उठून दारापाशी गेली. डोक्याला बांधलेला रुमाल तिने सारखा केला आणि अरबीत विचारलं, “तुझ्या वडिलांनी ही जागा दिली होती, जासिम. आमचं काय चुकलं?”

“वडील गेले. आता तक्रारी माझ्याकडे येतात. गाणी, आवाज, दारात गर्दी. मला रोजची कटकट नको.”

जासिम उद्धट नव्हता. बोलताना त्याने खाली बघितलं, चौकटीचा उडालेला रंग नखाने खरवडला. मशीनवर बसलेल्या शमाला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

“उद्या असरच्या नमाजानंतर आमच्या मजलिसमध्ये या,” तो जाता जाता म्हणाला. “गल्लीतले लोक असतील. काय ते त्यांच्याशी बोला.”

तो गेल्यावर वंजिरू वळली आणि टाळी वाजवून म्हणाली, “यल्ला, चला, मशिनं बंद कोणी केली?”

शमा मूळची हर्णैची. बहरैनच्या मुहर्रकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात चादरी, गाऊन, युनिफॉर्म दुरुस्त करायच्या खोलीत तिची नोकरी. वंजिरू त्याच हॉस्पिटलात साफसफाईची सुपरवायझर. एक केनियातली, एक कोकणातली. दोघींची भाषा म्हणजे वॉर्डात ऐकून ऐकून तयार झालेली हिंदी. चार वर्षांपूर्वी वंजिरू तिच्या मशीनपाशी येऊन म्हणाली होती, “शुक्रवारी येशील? माझ्या मुलींना शिवण शिकव.” शमाला आधी वाटलं, तिच्या पोटच्या मुली. गेल्यावर कळलं, केनिया, युगांडा, घाना, कुठकुठल्या बायका होत्या. कोणी घरकामाला, कोणी सलूनमध्ये, कोणी ऑफिसं पुसायला. सगळ्या तिला ‘मामा’ म्हणायच्या. स्वाहिलीत मामा म्हणजे आई.

शिवण हे निमित्त. मधल्या वेळात वंजिरू त्यांच्याकडून अरबी वाक्यं घोकून घ्यायची. ‘माझा पासपोर्ट माझ्याकडे हवा.’ ‘आज माझी सुट्टी आहे.’ नवीन मुलगी पुटपुटायची. वंजिरू म्हणायची, “मोठ्याने. मॅडम पलीकडच्या खोलीत आहे असं समज.” मुली हसायच्या, मग मोठ्याने म्हणायच्या. कुणाला मारहाण झाली, कुणाला घराबाहेर काढलं, तर पोलीस स्टेशनला, लेबर ऑफिसला वंजिरू सोबत जायची. ड्युटी संपवून जायची, तिथून पुन्हा ड्युटीवर यायची. तिच्या हाताखालून गेलेल्या दोघींनी भागीदारीत वेण्या घालायचं छोटं सलून काढलं होतं. त्याच्या पाटीचा फोटो ती हॉस्पिटलात सगळ्यांना दाखवत हिंडली होती.

ती स्वतः आली होती घरकामालाच, सनद भागातल्या एका घरात. त्या दिवसांबद्दल ती फार बोलत नसे. एकदाच म्हणाली होती, “स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोरीचं झाड दिसायचं. मी त्याच्याशी बोलायचे. दुसरं कोणी नव्हतं.”

त्या दिवशी मशिनं झाकताना शमा म्हणाली, “गाणं बंद केलं तर नाही चालणार?”

“आठवडाभर या मुली ‘यस मॅडम’ एवढंच बोलतात,” वंजिरू म्हणाली. “आपल्याला आवाज आहे, हे त्यांना कुठेतरी कळायला नको?” मग जरा थांबून म्हणाली, “उद्या तू ये. तू याच गल्लीतली शेजारीण आहेस. तुझं ऐकतील.”

शमाने शेवटच्या मशीनवर कापड ओढलं. पहिल्या दिवशीच तिने सांगून ठेवलं होतं: मी शिवण शिकवीन, बाकीच्या भानगडीत मला घेऊ नको.

घरी तिचा नवरा अहमद अस्करहून, कारखान्यातली शिफ्ट करून नुकताच आला होता. क्रेनवर बसून बसून त्याची पाठ धरायची. गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तू जाव नको,” तो म्हणाला. “मुख्तारभाय पन असनार तिथं. तक्रार त्याचीच हाय. त्या काळ्या बायकांसाठी आपन आपल्या मानसांशी वाकडा घ्यायचा? उद्या काय झाला तर तुजा विसा जायल, माजा पन जायल.”

“मी शिवन शिकवतंय. अजून काय करतंय?”

“मग तेवढाच कर.”

त्यांची मुलगी निदा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, “अम्मी, जस्ट टेल देम व्हॉट यू सी.” मराठी सगळं समजायचं तिला; उत्तर मात्र इंग्रजीतच.

दुसऱ्या दिवशी शमाने ठरवलं काहीच नव्हतं. ड्युटी संपली, बस मुहर्रकच्या जुन्या गल्लीपाशी थांबली आणि पाय मजलिसच्या दिशेने वळले, इतकंच.

मजलिसच्या लांबट बैठकीच्या खोलीत भिंतीलगत गाद्या आणि लोड होते. पुरुष बसले होते, कॉफीचे छोटे पेले फिरत होते. वंजिरू दाराजवळच्या खुर्चीवर हॉस्पिटलच्या युनिफॉर्ममध्येच बसली होती. तिच्या शेजारी उम्म जौहर, पलीकडच्या गल्लीतली म्हातारी. उम्म जौहर बहरैनीच, पण रंगाने वंजिरूइतकीच काळी. तिचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणले गेले होते म्हणत. तिला विचारलं तर ती फक्त म्हणायची, “आम्ही मुहर्रकचे.”

वंजिरू सावकाश, अदबीने बोलली. गाणं आम्ही हळू म्हणू. दारात कोणी थांबणार नाही. दर शुक्रवारी गल्ली आम्ही झाडून देऊ.

“गल्ली झाडायला माणसं आहेत,” कोणीतरी म्हणालं.

मुख्तार गल्लीच्या तोंडावरच्या कोल्ड स्टोअरचा मालक. दूध, पाव, किराणा सगळं त्याच्याकडे. तो जासिमकडे बघून हिंदीत म्हणाला, “इन काली औरतों की वजह से मेरे फॅमिली कस्टमर नहीं आते. लोग डरते हैं.”

उम्म जौहरने पेला खाली ठेवला. जुन्या सिनेमांनी शिकवलेल्या हिंदीत ती म्हणाली, “मुख्तार, काली तो मैं भी हूँ. मेरे से डरता है तू? रोज ब्रेड देता है मेरे को.”

मुख्तार ओशाळला. “आप की बात अलग है, अम्मा.”

“कैसे अलग?”

मुख्तारने कॉफीचा पेला उचलला. जासिमने विषय बदलावा तसं दाराकडे बघितलं. तिथे शमा उभी होती. “तू तिथे जातेस ना? काही त्रास होतो का त्यांचा?” त्याने अरबीत विचारलं.

मुख्तार तिच्याकडे बघत होता. त्याचं गाव हर्णैच्या पलीकडेच. निदाचं नाव ठेवलं तेव्हा तो घरी जेवून गेला होता. शमा चौकटीतून एक पाऊल आत आली. तिचं अरबी मोडकंतोडकं.

“मफी मुश्किल, काही त्रास नाही,” ती म्हणाली. “दर शुक्रवारी मी असते. शिवतात, शिकतात, गातात. चांगल्या बायका आहेत.” आणि मग, सांगायचं नव्हतं तेही सांगून गेली, “मीपण गाते त्यांच्याबरोबर.”

कोणीतरी हसलं. जासिम नाही हसला. तो खाली बघत म्हणाला, “मी जागा दुसऱ्याला कबूल केलीय. शब्द दिलाय. माफ करा.”

म्हणजे आधीच ठरलं होतं. बोलावणं नुसतं मन राखायला.

बाहेर आल्यावर वंजिरू पायरीवर बसली. उन्हं उतरली होती तरी दगड तापलेले होते. ती तशीच बसून राहिली.

“शमा, मी घरी जाऊ? नाकुरूला?”

“जा की. आईला बघून ये.”

“तसं नाही. कायमची.” तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. “एक सुटते, दुसरी येते. एक खोली मिळते, एक जाते. मी दमले गं.”

शमा शेजारी बसली. मागून उम्म जौहर काठी टेकत आली आणि दोघींच्या पुढ्यात उभी राहिली.

“माझं अंगण रिकामं असतं शुक्रवारी,” ती म्हणाली. “पण मुलगा शिफ्टवरून येऊन झोपतो. गाणं चालणार नाही.”

वंजिरूने वर बघितलं. त्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं शमाला वाटलं होतं. तो दिसला नाही. वंजिरूने फक्त मान हलवली, म्हातारीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “शुक्रन.”

अहमद आठवडाभर घुश्शात होता. मुख्तारच्या दुकानात जायची त्याला लाज वाटत होती, म्हणून दूध लांबून आणत होता. शुक्रवारी शमा चप्पल घालायला लागली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “उन्हाची छत्री घेऊन जा.”

अंगणात मशिनं भिंतीच्या सावलीत मांडली होती. मुली हळू आवाजात बोलत होत्या, कात्र्याही जपून चालवत होत्या. आत कोणी झोपलंय हे लहान मुलांना सांगितल्यावर ती जशी वागतात, तशा. नेहमी उभी असणारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारी वंजिरू खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. मान कलली, तोंड किंचित उघडं राहिलं. रात्रपाळी करून ती तशीच आली होती. तिला कुणी उठवलं नाही. एकीने नुसतं उन्हाच्या बाजूला कापड धरलं आणि ते दोरीला अडकवून टाकलं.

दार वाजलं. बाहेर एक अनोळखी मुलगी उभी होती, अंगावर घरकामाचा झगा, पायात स्लिपर. एक दंड दुसऱ्या हाताने धरून ठेवलेला. तिने आत डोकावत विचारलं, “मामा?”

मुलींनी वंजिरूकडे बघितलं, मग शमाकडे.

शमाने मशीनवरचा पाय काढला. वंजिरूला हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारची खुर्ची ओढून तिने मुलीसमोर ठेवली.

“बैठो,” ती हळूच म्हणाली. “मामा सो रही है. मेरे को बताओ.”

मुलगी बसली आणि बोलायला लागली, स्वाहिली, इंग्रजी, थोडं अरबी, सगळं एकदम. शमाला निम्मंही कळत नव्हतं. ती पुढे वाकून ऐकत राहिली.