चार बोटं कमी

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. पण मला पाहायला आलेला माणूस माझं नाव विचारत नाही. "हीच का त्याची मुलगी?" म्हणतो आणि माझ्यात माझा बाप शोधू लागतो.

बाप मोठा नामांकित. एकही शर्यत हरला नाही म्हणे. मी त्याला एकदाच पाहिलं, कुंपणापलीकडे, सकाळच्या धुक्यात. तो पळत होता आणि त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते, असं मला अजून वाटतं. दुपारी डोळा लागला की तो येतो आणि त्याच्यामागून माझी सहा पोरं येतात.

ती सहा माझ्यापासून कशी गेली, तेच सांगते. बाप वर्षाचा झाला तेव्हा त्याला आमच्या तबेल्याच्या दारात उभं करून चौकटीवर त्याच्या खांद्याइतकी उंच खूण कोरली होती. माझं प्रत्येक पोर वर्षाचं झालं की त्याच खुणेशी उभं राहायचं. थोरला एक बोट कमी भरला. दुसरी दोन. मग अडीच, तीन, सव्वातीन, साडेतीन. मालकीणबाई सुस्कारा टाकायच्या, "रक्त पातळ होत चाललंय." पाहुणे हसायचे, "बडा घर, पोकळ वासा." मग व्यापाऱ्याची गाडी यायची आणि पोर विकलं जायचं. मी आपली दिवसभर रस्त्याकडे तोंड करून उभी. आमचे मोतद्दार काका, ज्यांनी माझ्या बापालाही खरारा केला होता, माझ्या मानेवरून हात फिरवत राहायचे.

सातवी माझी शेंडेफळ. ती चार बोटं कमी भरली.

"आता बास," मालकीणबाई म्हणाल्या. "सोमवारी गाडी बोलवा, काका."

"बाई, हिला आईजवळ राहू द्या की. म्हातारीला दुसरं कोण आहे?"

"तुम्ही प्रत्येक वेळी हेच म्हणता."

त्याच आठवड्यात, दारात पाणी साचतं म्हणून गवंडी आला. त्याने दोरी ताणली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अहो काका, इथली जमीन चांगली चार बोटं खचलीय. इतकी वर्षं घोडे जा-ये करताहेत, दुसरं काय होणार?"

काकांनी चौकटीवरची खूण पाहिली, मग पायाखालची जमीन. मग ते मालकीणबाईंना बोलावून घेऊन आले. गवंड्याने दारात चार बोटं जाडीची फळी टाकली आणि माझ्या लेकीला तिच्यावर उभं केलं. तिचा खांदा नेमका खुणेला भिडला.

मालकीणबाई माझ्याजवळ आल्या. "सगळीच पुरेशी होती गं," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या आयाळीत तोंड लपवून रडल्या. मला त्यांचा राग आला होता, पण मी हलले नाही.

सोमवारी गाडी आली नाही. लेक माझ्याजवळच आहे.

मित्रांनो, कुणाला मोठ्यांच्या खुणेशी उभं कराल, तेव्हा आधी वाकून त्याच्या पायाखालची जमीन पाहा. आमच्या दारातली जमीन गवंड्याने एका दिवसात भरून दिली. माझी सहा पोरं कुठल्या रस्त्याला लागली, ते मात्र काकांनी गावोगाव विचारूनही अजून कळलेलं नाही.